डाव्या खुर्चीवर परत

भाषावार प्रांतरचनेत वडिलांची कचेरी औरंगाबादला गेली, आईही त्यांच्याबरोबर गेली. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या घरात मी एकटाच उरलो. मी हवाई दलात वैमानिक होतो, पण कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी कित्येक महिने माझं उड्डाण बंद ठेवलं होतं.

परवानगी मिळाली त्याच आठवड्यात आमचं डाकोटा विमान बंगळूरला निघालं. तिथून नवी विमानं आणायला निघालेले वैमानिक त्यात होते. मी त्यांच्यातच जाऊन बसलो. आमचे प्रशिक्षक अस्सल हैदराबादी. त्यांनी पुढून, कप्तानाच्या खुर्चीवरून हाक मारली.

"पीछे कायकू बैठे मियाँ? उजवी खुर्ची रिकामी आहे."

मी पुढे जाऊन बसलो, आणि बंगळूरला विमान उतरवायला त्यांनी माझ्याच हाती दिलं. खाली येताना कान ठणकेल अशी धास्ती होती. त्याला जरा दडा बसला, मी आवंढा गिळला आणि कान मोकळा झाला. चाकं अलगद टेकली.

"दुखतं का?"

"नाही सर."

"मग परतताना डावीकडे तुम्हीच बसा."

विमानाचा कप्तान डावीकडे बसतो. हैदराबादला परतताना मी तिथे बसलो, आणि ते माझ्या शेजारी निवांत डुलकी काढत होते.