नंदीला हात लावायचा नाही

आमच्या घरात लाकडी खेळणी होती, पण त्यांना हात लावायची परवानगी माझ्या मुलीला सोडून सगळ्यांना होती.

मुलगी दहा महिन्यांची. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे एक लाकडी ठोकळा धरला. तिनं तो डाव्या हातानं घेतला. मग बाईंनी डावा हात हलकेच धरून ठेवला आणि उजवीकडून ठोकळा दाखवला. उजवा हात पुढे आलाच नाही. मूठ मिटलेली, अंगठा आत. बाई म्हणाल्या, हा हात मागे पडतोय, दर शनिवारी व्यायामाला आणा. आणि घरी साधी लाकडी खेळणी द्या. कडी, खुळखुळा, ठोकळे. दिवे नकोत, गाणी नकोत. धरायचं आणि सोडायचं, एवढंच.

घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निदान बदलून टाकलं. "डावरी आहे वं ती. डावऱ्या पोरीले कायचा दवाखाना?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या खानदानीत तर कोणी डावरं नाही." म्हणजे दोष भिवापूरचा. माझ्या माहेरची मिरची तिखट, माणसं तिखट आणि आता हातही उलटे. माझा भाऊ लग्नाच्या पंगतीत डाव्या हातानं भात वाढत होता, ही गोष्ट सासरच्यांनी माझ्या दागिन्यांपेक्षा जास्त जपून ठेवली होती.

मी म्हणत राहिले की हे डावरेपण नाही, दुसरा हात उघडत नाही म्हणून ती हा वापरते. माझं कोण ऐकणार? मी तिची फक्त आई.

नवरा मात्र आधुनिक. बायकोशी वाद घालत नाही, ऑर्डर देतो. चार दिवसांत लाकडी खेळण्यांचा भलामोठा संच घरी आला. फिकट रंगाच्या कड्या, गुळगुळीत ठोकळे आणि 'बोटांच्या विकासासाठी' असं छापलेलं खोकं. सासऱ्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो काचेच्या शोकेसमध्ये, चिनी मातीच्या मोरांशेजारी मांडला आणि कुलूप लावलं. "लाळ लागली की पॉलिश जाते," म्हणाले. आलेल्या पाहुण्यांना ते खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवत. पाहुण्यांच्या बोटांचा विकास झाला असेल तर माहीत नाही.

शेवटी मी महाल भागातल्या बाजारातून एक साधा लाकडी खुळखुळा आणला. त्याचं वेगळंच झालं. घरी येणारी प्रत्येक बाई तो मुलीच्या डाव्या हातातून काढायची आणि उजव्यात द्यायची. खुळखुळा पडायचा. "पाहा, कशी फेकून राहिली! नखरेवाली आहे!" सगळ्या हसायच्या, उचलून परत उजव्यात द्यायच्या, परत पडायचा. मी चहाचे कप घेऊन उभी असायची. ते कप हातातून सुटू नयेत म्हणून मला किती जोर लावावा लागे, ते मलाच ठाऊक. शनिवारी मी मुलीला व्यायामाला घेऊन निघाले की सासरे पेपरातून मान वर न करता म्हणत, "निघाल्या खेळायच्या ट्यूशनले."

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरांनी आपले चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत न्यायचे. सण लेकरांचा, चुरस बापांची आणि आजोबांची. सासऱ्यांनी सागवानाचा नंदी करून घेतला. उंची बकरीएवढी, शिंगांना पितळ, पाठीवर गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेली जरीची झूल. नातीचा पहिला तान्हा पोळा म्हणून! नात रांगत त्याच्या चाकाशी गेली, डावा हात लावला, तर तिला उचलून पाळण्यात टाकलं. "नंदीले हात नाही लावाचा."

आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानावर मंडप होता, माइक होता, परीक्षक म्हणून नगरसेवक होते. आजोबालोक फेटे बांधून एकमेकांच्या बैलांची शिंगं मोजत होते. ज्यांच्यासाठी हा थाट, ती लेकरं उन्हात रडत होती. आमच्या नंदीचा पुकारा झाला. नियम असा की कासरा लेकराच्याच हातात हवा. सासरे मुलीला कडेवर घेऊन मंचावर चढले. मी खालीच उभी होते.

त्यांनी कासरा तिच्या हातात दिला. अर्थातच उजव्या. देवाचं काम, डाव्या हातानं कसं चालेल? कासरा पडला. माइकवरचा म्हणाला, "लहान स्पर्धक नाराज आहे!" लोक हसले. सासऱ्यांनी परत दिला, परत पडला. आता ते खाली बसले, मुलीला मांडीवर घेतलं आणि तिची मूठ स्वतःच्या बोटांनी उघडू लागले. एकेक बोट सरळ केलं, अंगठा बाहेर काढला, कासरा तळहातावर ठेवला आणि हात सोडला. बोटं हळूहळू मिटली, पण कासऱ्यावर नाही. अंगठा पुन्हा आत गेला. दोर घरंगळून खाली.

त्यांनी पुन्हा तो हात हातात घेतला. या वेळी कासरा उचलला नाही. नुसतीच मूठ उघडून पाहिली आणि ती मिटताना पाहत राहिले. माइकवाला काहीतरी विनोद करत होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

मंचावरून उतरून ते सरळ माझ्यापाशी आले. फेटा कपाळावर घसरला होता. मुलगी त्यांच्या कडेवर डाव्या हातानं त्यांची मिशी ओढत होती.

"डावरीच आहे ना वं ती?" ते म्हणाले. "तुह्या भावासारखी. हो ना?"

दोन महिने मी या क्षणाची वाट पाहत होते. काय काय ऐकवायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. पण त्यांचा आवाज ऐकून माझं सगळं अवसान गळालं. मलाही हो म्हणावंसं वाटलं. देवा शप्पथ, तेव्हा माझ्या मुलीनं नुसतं डावरं असावं, यापेक्षा मला दुसरं काही नको होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं.

मागे पुढच्या बैलाचा पुकारा झाला. त्यांनी मुलीची उजवी मूठ आपल्या मुठीत धरली.

"शनिवारी किती वाजता न्या लागते तिले?"