चढावरचे तात्या

जळोचीच्या चढाजवळ सलून चालवणारे तात्या गिऱ्हाईक अर्धवट सोडून उसाच्या बैलगाड्यांमागं धावतात. गाडी जास्त भरलेली दिसली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. परवा माझ्या एका गालावर फेस असतानाच बाहेर एक बैल गुडघ्यावर बसला. गाडीवानानं खिळ्याची काठी उगारली. तात्यांनी मधे जाऊन स्वतःची पाठ पुढं केली.

“आधी हितं टोच. माझं बी कातडं जाडच हाय.”

गाडीवान ओशाळला. “पर वजन कमी केलं तर ऊस कोण नेणार, तात्या?”

“मागनं ट्रॅक्टर येतोय. मोळ्या चढवायला ही बघत उभी ऱ्हायलेली मंडळी हाय की.”

शिव्या घालत, फेसासकट मीही मोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवल्या. बैल उठला. तात्यांनी त्याची मान खाजवली आणि दरडावलं, “लेका, तू बी लाथ घालायला शिक जरा.”