सुतकातला झेंडा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

स्वातंत्र्याच्या सकाळी शहरातल्या माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गोदाकाकू दिसल्या. त्यांचे सासरे नुकतेच गेले होते. हातात झेंडा घेऊन त्या दारातच थबकल्या होत्या.

"आत्याबाई, सुतकात हा लावलेला चालेल का हो?" त्यांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"तोरण नको, गोडधोड नको. पण देशाला कसलं गं सुतक? लाव! सासरा असता तर तुझ्याआधी शिडीवर चढला असता, आणि पडलाही असता!"

काकू हसल्या, मग पदराने डोळे पुसून त्यांनी झेंडा लावला.

मी बघत राहिलो. देशाचा आनंद सगळ्या घरांत सारखा शिरत नसावा. घरात जेवढी जागा असेल तेवढाच तो मावतो. आमचं गाव संस्थानात, तिथे स्वातंत्र्य अजून पोहोचलंच नव्हतं. असाच झेंडा मिरवला म्हणून वडिलांना पकडून नेलं होतं, आणि ते जिवंत आहेत की नाही हेही कळत नव्हतं. त्या दिवशी मी हसावं की नाही, हे सांगायला मला कोणी आत्याबाई नव्हती.

दिवाळीच्या सुमारास हद्द ओलांडून आलेल्या मामांनी निरोप आणला. वडील तुरुंगात आहेत, फार खंगलेत, पण आहेत. आईला एकदा भेटू दिलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोराला विचार, तिकडे तो दिवस कसा होता?"