वसंतकाकांची एकच कादंबरी

काल कपाटातलं एक जुनं पुस्तक उघडलं. पिवळ्या पानांचा कोरडा वास आला आणि मी चंडीगडच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात, थंडीतल्या उन्हात जाऊन बसले.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. वसंतकाका बाबांच्या ऑफिसातले, बदलीवर आलेले, एकटेच राहणारे. त्यांची कादंबरी छापून आली होती, पण तिची कुणी दखल घेतली नव्हती. एक प्रत त्यांनी मला दिली. मी ती दोन दिवसांत वाचली. नवरा गेल्यावरही रोज दोघांचा भात लावणारी त्यातली बाई माझ्या मनातून जाईना.

रविवारी काका आले, तेव्हा अंगणात माझ्या पंजाबी मैत्रिणी संत्री सोलत बसल्या होत्या.

"वाचलीस का गं?" काकांनी विचारलं.

मैत्रिणींसमोर मराठी बोलायची मला लाज वाटली. "ठीक है, अंकल," मी म्हणाले.

काका किंचित हसले. "वाचलीस, हेच खूप झालं," म्हणाले आणि चहाला न थांबता निघाले.

उद्या जाऊन खरं सांगू, असं मी रोज म्हणत राहिले. मार्चमध्ये त्यांची बदली झाली. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. दुसरं काही त्यांनी लिहिलंच नव्हतं.

ती कादंबरी मी नंतर कितीतरी वेळा वाचली. मुलीलाही दिली, पण तिला मराठी धड वाचता येत नाही. कादंबरी किती चांगली आहे, हे आता मी कुणाला सांगू?