गुरुवारपासूनची साक्ष

एटापल्लीच्या जंगलातल्या आमच्या चर्चमध्ये पंचवीस जानेवारीला साक्ष देतात. पौलाच्या मनपरिवर्तनाचा तो सण. ख्रिस्ताच्या माणसांना छळणारा पौल दिमिष्काच्या वाटेवर कसा कोसळला आणि बदलला, ते वाचून झालं की फादर विचारतात, "आपल्यातलं कोण सांगतंय?"

कोण सांगणार? दर वर्षी माझे बाबाच. बांबू तोडून हाताला घट्टे पडलेला, एरवी चार शब्दांत दिवस काढणारा हा माणूस त्या दिवशी धुतलेला सदरा घालून उभा राही. "माई पोरगी हिवतापानं मरून राह्यली होती. गुरुवारी सिस्टर आली, गोळ्या देल्ल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पोरगी उठून बसली. मी तवाच ठरवलं." मग बोट माझ्याकडे. मी उभी राहायची, लोक टाळ्या वाजवायचे. लहानपणी मला त्याची ऐट वाटे. पुढे बाजारात उभ्या केलेल्या बकरीसारखं वाटू लागलं.

माय बायकांच्या चटईवर मागे बसायची आणि टाळी कधी वाजवायची नाही. हिचं मन अजून जुन्या देवांतच अडकलंय, असं मला वाटायचं. बारा वर्षांची असताना एकदा मी तिच्यावर चिडलेच. बाबा एवढं सांगतात अन् तू दगडासारखी बसतेस!

ती लाखोरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया बाबाची गोष्ट गुरुवारपासून सुरू होते. तुई लहान बहीण मंगळवारीच गेली."

मी तेव्हा चार वर्षांची होते, ती दोनची. ताप एकच, चटई एकच. तिला गावाच्या रीतीप्रमाणे मोहाच्या झाडाखाली पुरलं. पुढच्या ईस्टरला आम्हा तिघांचा बाप्तिस्मा झाला, तिघांना नवी नावं मिळाली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरस्तानात मेणबत्त्या लागतात, पण मोहाखाली मेणबत्ती लावायची बाबांनी मनाई केली होती. "लोक म्हणतील, यायनं जुनं सोडलं नाई." हे सगळं मी ऐकून घेतलं आणि खेळायला गेले. आजही त्याची लाज वाटते.

बाबा मागच्या पावसाळ्यात वारले. यंदा फादर म्हणाले, साक्ष आता तू दे. सकाळी माय माझ्या मागे मागे फिरत होती. शेवटी म्हणाली, "मंगळवारचं बी सांगजो, बाई. एवढं कर."

मी उभी राहिले. हिवतापाचं सांगितलं. "मंगळवारी माझी बहीण..." म्हणाले आणि अडखळले. माय चटईवर पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत होती. फादरांनी हळूच पुढचा शब्द दिला, "मग गुरुवारी?" मी गुरुवारचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरच्या वाटेवर मायनं विचारलं, "तिचं नाव काऊन नाई घेतलं?"

"मले ठाऊकच नाई, माय."

ती थांबली. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. ती मोहाकडे वळली आणि नाव घेतलं. आधी पुटपुटली, मग जेवायला हाक मारावी तसं मोठ्यानं. पुन्हा एकदा. मग उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. मला ते सहन होईना. मीच "ओ" दिली.