गाळलेला काला

शॅरन पाटोळे सावेडीत राहते. सकाळी कंपनीच्या बसने सुप्याला जाते. तिची कंपनी बायोगॅसच्या टाक्यांसाठी ढवळणारी यंत्रं बनवते. टाकीतला शेणकाला, म्हणजे शेण-पाण्याचं घट्ट मिश्रण, कसा फिरेल, हे आधी संगणकावर काढून पाहणं हे तिचं काम. नऊ वर्षं ती तेच करते आहे. कामात चोख आणि बोलायला कमी, अशी तिची ख्याती.

काल्याचा स्वभाव पाण्यासारखा नसतो. पाणी कितीही हळू ढवळलं तरी हलतं. काला ठरावीक जोर लागेपर्यंत ढिम्म राहतो, आणि मग पात्याजवळच पातळ होऊन तिथल्या तिथे फिरत बसतो. शॅरनला हे पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी मिरजगावजवळच्या एका प्रकल्पासाठी तिने तिथल्या काल्याच्या नमुन्यावरून दोन लहान, वेगवान पाती पुरेशी ठरवली. टाकी तीन मजली उंच, आत शेण आणि नेपियर गवताची कुट्टी. चार महिन्यांत गॅस निम्म्यावर आला. शॅरनला पाहणीसाठी पाठवलं.

टाकी सांभाळणारे श्रीमंत गदादे तिला शिडीवरून वर घेऊन गेले. काचेच्या झरोक्यातून आत जाड साय दिसत होती, वाळलेल्या गवताची. पात्यांभोवती मात्र दोन गोल खळगे गरगरत होते.

"मॅडम, इथून नमुना नेला तवा तो गाळला हुता का?" श्रीमंतांनी विचारलं.

"का?"

"न्हाई, ह्यात गवत हाय म्हून इचारलं. एकमेकांत गुतलं की दोरखंडावानी हुतं. हाताला कळतंय."

नमुना गाळलाच होता. चिकटपणा मोजायच्या यंत्रात लांब धागे अडकतात, म्हणून प्रयोगशाळेत तो जाळीतून घेतात. जाळीवर राहिलेलं गवत फेकून दिलं होतं, आणि उरलेल्या गुळगुळीत काल्याचे आकडे तिने संगणकात भरले होते. तशी तळटीपही अहवालात होती. ती तिनेच लिहिली होती आणि नंतर विसरून गेली होती.

तिने न गाळलेला काला दोन पिंपं भरून मागवला. जाड पाइप उभा चिरून पन्हळ केली, ती काल्याने भरली आणि एक टोक हळूहळू उचलत गेली. काला कोणत्या कोनाला हलायला लागतो ते टिपलं. बोटभर लांब कुट्टी, पेरभर कुट्टी, कुट्टीच नाही, असं वेगवेगळं करून पाहिलं. लांब गवताचा काला गाळलेल्यापेक्षा चौपट जोर लागेपर्यंत अडून राहत होता. त्या आकड्यांवर गणित पुन्हा चालवलं, तेव्हा पडद्यावर दोन गोल खळगे आले. बाकी सगळं स्थिर.

तिचे वरिष्ठ आदिनाथ भोर यांनी अहवाल चाळला. "तळटीप आहे ना? मग आपल्यावर काही येत नाही."

"तळटीप मीच लिहिली, सर. म्हणजे मला माहीत होतं."

"मग आता काय म्हणायचंय?"

"चूक आपली आहे, असं प्रकल्पवाल्यांना लिहायचंय."

भोरांनी अहवाल मिटून तिच्यापुढे सरकवला. पत्र गेलं, पण त्यावर सही शॅरनची एकटीची होती. तिला त्याचं वाईट वाटलं. मात्र सही करताना तिचा हात थांबला नाही.

पाती बदलली. नवी मोठी आणि संथ होती. प्रकल्पावरचे लोक कडबाकुट्टी यंत्राचं पातं जवळ घेऊन गवत पेरभर कापायला लागले. तीन आठवड्यांत साय फुटली. श्रीमंतांनी फोन केला, "हलतंय आता. कोपऱ्यात जरा बसतंय, पन हलतंय." गॅस वाढला, तरी आधी कबूल केला होता तितका झाला नाही. कोपऱ्यांचं काय करायचं, ते शॅरनला अजून सुटलेलं नाही.

पुढचा मोठा प्रकल्प भोरांनी दुसऱ्याला दिला. शॅरनकडे नमुने तपासायची खोली आली. ती कोणी मागून घेत नसे. तिने पहिल्याच दिवशी नमुने गाळायच्या जाळ्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली.