साडेतीन पानांचा करकोचा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागच्या खोलीत दिवा न लावता शिंपीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. डाव्या हातात दुर्बीण, उजव्या हातात खडू, मांडीवर गणवेशाच्या निळ्या कापडाचं कात्रण. एक टिटवी दिसली की एक रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. परसात रचलेली लाकडं, त्यापलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे पाणथळ. कडेच्या पाण्यावर अजून पापुद्र्याएवढं बर्फ होतं.

एक्केचाळीस. बाईंनी आकडा वहीत उतरवला. टिटवीपुढे आकडा लिहिल्याला एकोणीस वर्षं झाली होती.

वह्या मात्र तेवीस वर्षांच्या होत्या. शिलाई मशीन याच खिडकीशी असल्यामुळे मान वर केली की पाणथळ दिसे. बर्फ वितळलं की टिटव्या येत, ओल्या गवतात अंडी घालत आणि पानं पिवळी पडली की जात. पहिली चार वर्षं बाईंनी त्या मोजल्या. पुढे सवय झाली. रोजच्या पाखरांचं काय मोजायचं? टिटवीपुढे त्या 'नेहमीप्रमाणे' एवढंच लिहू लागल्या. मग एका वर्षी वाट चुकलेला काळा करकोचा आला आणि चाळीस मिनिटं थांबला. त्याचे पाय, चोच, त्यानं गिळलेले बेडूक, सगळं मिळून साडेतीन पानं झाली.

मागच्या वर्षी पाणथळ बुजवून तिथे ट्रकतळ करायचं ठरलं. नियम असा होता की, तिथे गेली लागोपाठ तीन वर्षं पाखरांनी घरटी केल्याचे आकडे दाखवले, तर जागेला हात लावता येत नाही. भर सभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्याकडे तेवीस वर्षांचं लेखी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या घरातल्या जाऊबाईंनी सर्वांत जास्त, कारण ट्रक त्यांच्याच झोपायच्या खोलीच्या खिडकीखालून जाणार होते.

जमीन खात्याचे साहेब आले. कापड बेतायच्या टेबलावर वह्या मांडून त्यांनी दोन तास पानं उलटली.

"ताई, 'नेहमीप्रमाणे' म्हणजे किती?"

"म्हणजे नेहमी असतात तेवढ्या."

साहेब हसले नाहीत. करकोच्याची पानं त्यांनी आवडीनं वाचली, पण एक पाहुणा चाळीस मिनिटं थांबला म्हणून जागा राखता येत नाही, असं समजावून सांगितलं. माणूस समंजस होता. जाताना म्हणाले, वह्या सोमवारपर्यंत तुमच्याकडेच असू द्या. शोधाशोधीत एखादी सुटी चिठ्ठी सापडली, तर जोडा.

साहेबांची गाडी वळली नाही तोच जाऊबाई खुर्ची ओढून बसल्या.

"सापडव की चिठ्ठी. पेन काय माहेरहून आणायचंय?"

बाई म्हणाल्या, जे मोजलं नाही ते लिहिणार नाही.

"एका करकोच्याला साडेतीन पानं आणि दारातल्याला एक शब्द. भाऊजींशीही असंच वागलीस तू. परक्याचं कौतुक, घरचा नेहमीप्रमाणे."

बाईंनी बॉबिन भरायला घेतली. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तो सकाळी किती वाजता उठायचा हे त्यांना खरंच सांगता आलं नसतं.

दोन दिवस पेन टेबलावर होतं. तीन ओळी पुरल्या असत्या. पन्नासच्या आसपास म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. पण 'आसपास' हे माप बाईंनी कधी गिऱ्हाइकाच्या बाहीलाही घेतलं नव्हतं. सोमवारी वह्या होत्या तशा गेल्या. महिन्याभरात उत्तर आलं: घरट्यांची नोंद आढळली नाही.

गावात कुणी त्यांना प्रामाणिक म्हटलं नाही. सभेत टाळ्या वाजवणारे आता त्यांना 'नेहमीप्रमाणे बाई' म्हणतात. जाऊबाई एकदाच बोलल्या, "तुझ्या खरेपणावर ट्रक उभे राहतील. बघ मोजत." तेव्हापासून दोन घरांमधलं दार बंद आहे.

पण सल्ला तेवढा बाईंनी घेतला. आज त्यांनी दिसणाऱ्या घरट्यांचाही हिशेब लावला. नऊ. नव्या वहीत रेघा आखून टिटवीचा रकाना पहिला केला. कात्रण झटकलं, खडूच्या रेघा पुसल्या आणि ते उद्यासाठी खिडकीच्या कठड्यावर घडी करून ठेवलं.

उद्याची मोजणीही सहा वाजून दहा मिनिटांनीच आहे. कुंपणावरच्या पाटीप्रमाणे, भरावाचा पहिला ट्रक आठ वाजता येईल.